जॉर्जियातल्या माझ्या अमेरिकन सासूबाईंची ऑबिच्युअरी (पेपरातला मृत्युलेख) मला लिहायची आहे. कशी लिहू?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई गावचं वाचनालय, चर्च आणि मतदान केंद्र यांसाठी चाळीस वर्षं राबल्या, सगळं घर त्यांच्याभोवती फिरायचं, आणि नवऱ्याला लिहिणं जमत नाहीये म्हणून काम तुमच्याकडे आलंय. आपल्या पेपरातल्या ‘दुःखद निधन’च्या चौकटीपेक्षा हे मोठं काम आहे. तिकडे लोक हे कात्रण जपून ठेवतात आणि पुढे वंशावळ शोधणारे त्याच्यावरच विसंबतात. म्हणून आधी नावं पक्की करा, गुणवर्णन नंतर.

पहिल्या वाक्यात पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, लाडाचं नाव, वय, गाव आणि निधनाचा दिवस घ्या. माहेरचं आडनाव गाळू नका. शाळेतल्या मैत्रिणी त्यावरूनच ओळखतात. मग आधी गेलेले: आईवडील, पती, भावंडं, एखादं मूल. त्यानंतर मागे राहिलेले: मुलं, कंसात त्यांचे जोडीदार, राहतात ते शहर, मग नातवंडं आणि पतवंडं. सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात. सावत्र मुलं राहून जातात, सुनेच्या नावाचं स्पेलिंग चुकतं, अकाली गेलेलं नातवंड विसरलं जातं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर गेल्या तेव्हाच्या निवेदनात ४ मुलं, ११ नातवंडं, १४ पतवंडं होती, आणि २०१५ मध्ये वारलेल्या नातवाचाही उल्लेख होता. यादी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

मधला भाग खरा अवघड. बहुतेक जण इथे समित्यांची यादी देतात आणि ‘प्रेमळ, निःस्वार्थी’ अशी विशेषणं जोडतात. त्यातून बाई दिसत नाही. एक धागा निवडा. रोझलिनबाईंचंच बघा. जन्म १९२७, जॉर्जियातल्या प्लेन्सचा. तेरा वर्षांच्या असताना वडील गेले, आई शिवणकाम करून घर चालवायची. नवऱ्याच्या गव्हर्नरपदासाठीच्या १९६६ च्या प्रचारात पहाटे साडेचारला कापडगिरणीच्या दारात त्यांना रात्रपाळी संपवून निघालेली एक बाई भेटली. तिच्या मुलीला मानसिक आजार होता, आणि रात्री मुलीजवळ नवरा थांबायचा. त्याच दिवशी रोझलिनबाई स्वतःच्या नवऱ्याच्या सभेत रांगेत उभ्या राहिल्या आणि हात मिळवताना त्याला विचारलं, गव्हर्नर झालास तर या लोकांसाठी काय करणार? १९७१ मध्ये तो गव्हर्नर झाला आणि रोझलिनबाई राज्याच्या मानसिक आरोग्य आयोगावर गेल्या. १९७७ मध्ये देशपातळीवरचा आयोग, १९७९ मध्ये सेनेटसमोर साक्ष, १९८० मध्ये मानसिक आरोग्य सेवांचा कायदा. ही गिरणीच्या दारातली पहाट सांगितली की पुढची पदं आपोआप अर्थपूर्ण होतात. तुमच्या सासूबाईंची अशी पहाट कोणती, हे नणंदेला किंवा वाचनालयातल्या जुन्या सहकाऱ्याला विचारा. ‘वाचनालयाला मदत केली’ असं नको; त्यांनी काय सुरू केलं, कुठल्या साली, कोणासाठी, ते लिहा.

लांबच्या मुलुखाशी जोडणारी एखादी गोष्ट असेल तर एका वाक्यात नक्की घ्या. कार्टर दांपत्य २००६ मध्ये हॅबिटॅट या गरजूंना घरं बांधून देणाऱ्या संस्थेची घरं बांधायला लोणावळ्याजवळ आलं होतं. आपल्या वाचकाला असं वाक्य लगेच जवळचं वाटतं. सासूबाई तुमच्या माहेरी येऊन गेल्या असतील, तर ते लिहायचा हक्क तुमचाच आहे.

शेवटी अंत्यदर्शनाला भेटीची वेळ, अंत्यविधी, दफनभूमी. अमेरिकेच्या दक्षिणेत शवपेटी उचलणाऱ्यांची आणि मानाच्या (प्रत्यक्ष खांदा न देणाऱ्या) खांदेकऱ्यांचीही नावं अनेकदा छापतात. फुलांऐवजी देणगी हवी असेल तर संस्थेचं नेमकं नाव द्या, नाहीतर पैसे भलतीकडे जातात. घरचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख मात्र छापू नका. जन्मसाल पुरे, पूर्ण तारीख ओळखचोरीला उपयोगी पडते, आणि अंत्यविधीच्या वेळी घर रिकामं आहे हे पत्त्यावरून चोराला कळतं.

छापील पेपर बहुधा ओळींवर किंवा इंचांवर पैसे लावतो, फोटोचे वेगळे. म्हणून दोन मसुदे करा: पेपरसाठी साधारण १५० शब्दांचा, आणि फ्यूनरल होमच्या (अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटसाठी पूर्ण. पेपरला मजकूर सहसा फ्यूनरल होमच पाठवतं, तेव्हा मुदत त्यांनाच विचारा आणि छापण्याआधी प्रूफ मागून घ्या.