शब्बाथ शाळेची दोन वर्षांची हजेरी साठली आहे, तिचा उपयोग कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धार्मिक वर्गांच्या, पटावर 60 मुलं आहेत, 12 स्वयंसेवक आहेत, दोन वर्षांची हजेरी एक्सेलमध्ये नीट भरलेली आहे. दर तिमाहीला समितीपुढे "सरासरी 34" असा आकडा वाचला जातो, सगळे माना डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही. एखादं ॲप घ्यावं का, असंही विचारलंय.

ॲपचं नंतर. मी अकरा वर्षं मुलांच्या वर्गांची जबाबदारी सांभाळते आहे आणि त्यातली पहिली चार वर्षं नेमकं हेच करत होते. रविवारच्या रकान्याखाली बेरीज, बेरजांची सरासरी, सरासरीचा अहवाल. म्हणजे हजेरीपट नेहमी उभा वाचायचा. तो आडवा, एकेका नावाची ओळ धरून वाचायला लागले, तेव्हा कुठे त्यात मुलं दिसायला लागली.

तुमचीच 34 घ्या. तीच ती 34 मुलं दर रविवारी येतात आणि उरलेली 26 कधीच येत नाहीत, असं असू शकतं. किंवा साठच्या साठ येतात, पण साधारण एक रविवार सोडून एक. बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखीच. पहिल्या ठिकाणी 26 घरी जाऊन भेटायला हवं. दुसऱ्या ठिकाणी घरभेटींचा काही उपयोग नाही, तिथे धडेच बदलायला हवेत, कारण चार रविवार चालणारी बायबलमधली योसेफाची गोष्ट तिथे कुणीच सलग ऐकत नाही. समितीला हे सरासरीवरून कधीच कळणार नाही.

एक ओळ दाखवते. आमच्या मधल्या वर्गातल्या एका मुलीची: ह, ग, ह, ग, ह, ग, ह, ग, ह, ह, ग, ह. उभ्या बेरजेत ती कुठे हरवून जायची ते कळायचंही नाही. आडवं वाचलं तर लगेच लक्षात येतं की हे अनियमित येणं नाहीच, एखादा रविवार सोडला तर हे घड्याळासारखं नियमित आहे. तिच्या आईशी बोलल्यावर समजलं: आईवडील वेगळे राहतात, एक आड एक रविवार ती वडिलांकडे असते. आणि आम्ही? वर्षाच्या शेवटी पूर्ण हजेरीचं बक्षीस सगळ्यांसमोर देत होतो. मोठ्यांनी ठरवलेल्या वेळापत्रकाची शिक्षा त्या मुलीला, तीही देवाच्या घरात. त्या वर्षीपासून ते बक्षीस मी बंद केलं. शिवाय प्रत्येक धडा त्याच रविवारी पूर्ण होईल असा बसवला आणि पाठांतराचं वचन दोन आठवडे तेच ठेवलं. दोन्ही बदल तिच्यासाठी केले होते, पण मग बाकीच्या ओळी पाहिल्या तर तिच्यासारखी आणखीही मुलं निघाली.

म्हणून "सलग तीन रविवार चुकले की फोन" असा सरसकट नियम करू नका. प्रत्येक मुलाची स्वतःची चाल असते आणि ती चाल मोडली की लक्ष द्यायचं. दर रविवारी येणारं मूल सलग दोनदा दिसलं नाही तर त्याच आठवड्यात विचारपूस व्हायला हवी. महिन्यातून एकदा येणाऱ्याच्या घरी दोन रविवारांनी फोन केला, तर तो तगादा वाटतो. एक्सेलमध्ये काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावून प्रत्येक ओळीचे "ह" मोजता येतात: गेल्या 12 रविवारांत किती आणि त्याआधीच्या 12 मध्ये किती. दोन आकडे शेजारी ठेवले की कुणाची चाल बदलली ते दिसतं. फोन मात्र वर्गशिक्षिकेनेच करावा, कार्यालयातून जाऊ नये. आणि "का आला नाही?" हा शब्द तोंडातून निघू द्यायचा नाही. "रविवारी त्याची आठवण झाली, बरा आहे ना?" एवढं पुरतं.

आता स्वयंसेवक. इथे माझी मोठी चूक झाली, ती सांगतेच. आमच्या लहान गटाच्या एक ताई होत्या, कधी नाही म्हणायच्या नाहीत. कुणी आलं नाही की त्या उभ्या. एक दिवस त्यांनी शांतपणे सांगितलं की आता जमणार नाही. घरी येऊन जुन्या पाळ्यांच्या वह्या काढल्या आणि मोजलं: सलग 19 रविवार त्या वर्गात होत्या. म्हणजे 19 रविवार त्या मुख्य उपासनेला बसल्याच नव्हत्या. ना प्रवचन, ना सगळ्यांबरोबर प्रार्थना. ही माहिती माझ्याच हातात होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. मुलांची हजेरी काटेकोर घेत होते, शिक्षकांची मात्र फक्त "पाळी भरली का" एवढीच पाहायची. बायबलमध्ये सगळा भार एकट्याने उचलणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, जे सांगितलं, "तू थकून जाशील, आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही" (निर्गम 18), ते मी कितीदा तरी शिकवलं होतं.

तेव्हापासून स्वयंसेवकांचाही पट ठेवते, तोही आडवाच वाचायचा. सलग किती रविवार सेवा, शेवटचं उपासनेला कधी बसल्या, ऐनवेळी किती वेळा उभं राहावं लागलं. हा शेवटचा रकाना फार बोलका असतो. ठरलेल्या पाळीने माणूस सहसा थकत नाही, शनिवारी रात्री येणाऱ्या फोनने थकतो. हे आकडे कुणाची कोणाशी तुलना करायला कधीही फळ्यावर लावू नका.

आणि आता ज्यातून सगळ्यात जास्त मिळालं ते. मुलांच्या हजेरीच्या प्रत्येक रविवारखाली त्या दिवशी वर्गावर कोण होतं ते लिहायला सुरुवात करा. दोन वेगळ्या फायली एका कागदावर आणा. आमच्याकडे सहा वर्षांखालच्या गटाची गळती आम्ही कधी हवामानावर, कधी परीक्षांवर घालायचो. नावं खाली आल्यावर दिसलं की ज्या महिन्यांत दर रविवारी वेगळा चेहरा होता, तेच महिने रिकामे होते. एवढं लहान मूल दारात रडतं, ओळखीचं माणूस दिसलं नाही तर आईचा पदर सोडत नाही आणि पुढच्या रविवारी घरचे म्हणतात, राहू दे. आम्ही त्या गटापुरती रविवारागणिक बदलणारी पाळी बंद करून एकाच जोडीला सलग सहा आठवडे दिले, मग सहा आठवडे पूर्ण विश्रांती. नवीन आलेल्या मुलाच्या बाबतीतही हेच पाहा: दुसऱ्यांदा आलं तेव्हा पहिल्या दिवशीच्या ताई तिथे होत्या का?

माणसं किती लागतील हे ठरवतानाही सरासरी फसवते. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था 4 ते 8 वर्षांच्या 6 मुलांमागे एक मोठं माणूस सुचवते, 2 ते 3 वर्षांच्या 4 मुलांमागे एक, आणि मुलं कितीही कमी असली तरी किमान दोन मोठी माणसं. 4 ते 8 वर्षांच्या सरासरी 14 मुलांचा गट असेल तर तिघं पुरतात, पण ज्या रविवारी 20 येतात त्या दिवशी चौघं लागतात. पाळी भरगच्च रविवार धरून लावा, तो कोणता असतो हे तुमचा दोन वर्षांचा पट सांगेल.

"माणसं मोजणं हे जगाचं काम, दावीद राजालाही शिरगणतीची शिक्षा झाली" असं कुणी ज्येष्ठ म्हणतील. आम्हालाही म्हणाले. बायबलमधलं 2 शमुवेल 24 उघडून एकत्र वाचलं. सेनापती यवाबाने राजाला आणून दिले ते तलवार चालवणाऱ्यांचे दोन आकडे, इस्राएलचे 8 लाख आणि यहूदाचे 5 लाख. त्यात एकाचंही नाव नाही. उलट योहान 10 मध्ये मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. मी त्यांना एवढंच म्हटलं की आम्हाला बेरीज नकोय, नावं हवी आहेत. ते आता दर महिन्याला गैरहजर मुलांच्या नावांची यादी मागून घेतात आणि प्रार्थना करतात.

यादी देताना मात्र जपा. घरातली भांडणं, आजारपण, कोण कुणाकडे राहतं, हे सामायिक फाइलमध्ये अजिबात लिहायचं नाही. त्या मुलीच्या ओळीपुढे आमच्याकडे फक्त "एक आड एक" असं आहे, त्यामागचं कारण फक्त तिच्या वर्गशिक्षिकेला आणि मला ठाऊक आहे. मूल घ्यायला अमुक व्यक्तीने येऊ नये अशी नोंद असेल तर तीही वेगळी, मोजक्याच लोकांच्या हाती.

ॲपबद्दल: मुलं सोडताना-घेताना गर्दी होत असेल, तर चर्चसाठीच्या प्लॅनिंग सेंटरसारख्या सॉफ्टवेअरमधली, मुलाला आणि पालकाला जुळत्या सांकेतिक क्रमांकाच्या चिठ्ठ्या देण्याची सोय खरंच कामाची आहे. बाकी कारणासाठी आत्ता घेऊ नका, तुमच्या एक्सेलमध्ये पुरेसं आहे.

या आठवड्यात गेल्या 12 रविवारांचा पट छापून काढा. एकेका वर्गशिक्षिकेबरोबर अर्धा तास बसा, प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा, "याचं काय चाललंय?" ज्या नावापाशी दोघंही गप्प व्हाल, ते नाव वेगळ्या कागदावर लिहा. पहिला फोन त्या घरी करा.