‘कर्जवाटप’ नव्हे, ‘कर्जाची वाटणी’

प्रश्न : अमेरिकेत जुनी काउंटी (राज्याखालचा स्थानिक कारभाराचा विभाग) फोडून नवी केली की तिच्या सार्वजनिक कर्जाचेही हिस्से पडतात. त्याला ‘कर्जवाटप’ म्हणावं का? आणि काउंटीला ‘जिल्हा’ चालेल?

‘कर्जवाटप’ कृपा करून नको. खरिपाच्या तोंडावर बँका करतात ते कर्जवाटप. त्यात पैसे हातात पडतात. इथे फेडीचा बोजा अंगावर येतो. वाटप देणारा करतो, वाटणी हिस्सेदारांत होते. भाऊ वेगळे झाले की शेताबरोबर सोसायटीचं कर्जही वाटणीला येतं, तसंच हे. म्हणून ‘कर्जाची वाटणी’. कायद्याच्या मजकुरात ‘कर्जविभागणी’.

‘कर्ज नव्या काउंटीकडे वर्ग झालं’ हेही जपून लिहावं. कर्ज उभारण्यासाठी काढलेले रोखे जुन्या काउंटीच्या नावानं निघालेले असतात, रोखेधारकाचा करार तिच्याशी असतो. सर्वसाधारण पद्धत अशी, की धनकोला पैसे जुनीच देते आणि नवी आपला हिस्सा तिला भरून देते.

हा हिस्सा अनेक राज्यांत करपात्र मालमत्तेच्या मूल्यांकनावरून ठरतो. समजा, कर्ज ४० लाख डॉलर आहे आणि जुन्या काउंटीकडेच राहणाऱ्या कोर्टाच्या इमारतीची, तुरुंगाची किंमत १० लाख. ती वजा करून ३० लाख उरले. नव्या भागाचं मूल्यांकन एकूण मूल्यांकनाच्या २५ टक्के असेल, तर नव्या काउंटीच्या वाट्याला साडेसात लाख. आंध्र-तेलंगणच्या २०१४ च्या कायद्यातलं ५८.३२ : ४१.६८ हे प्रमाण लोकसंख्येचं होतं. ते डोक्यात ठेवून भाषांतर करणारा इथे हमखास ‘लोकसंख्येनुसार’ लिहून जातो.

‘वाटणी आपोआप होते’ असंही लिहू नये. १८६८ साली आजच्या वायोमिंगमधल्या लॅरमी काउंटीतून ऑल्बनी आणि कार्बन या काउंट्या निघाल्या. कायद्यात कर्जाबद्दल चकार शब्द नव्हता. लॅरमीनं हिस्सा मागितला, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७५ साली तो नाकारला. कायद्यात तरतूद नसेल तर उरलेल्या हद्दीतली सार्वजनिक मालमत्ताही मूळ काउंटीची आणि जुनं कर्जही तिचंच.

राहिला ‘जिल्हा’. काउंटी स्वतः रोखे काढते, मालमत्ता कर लावते. आपला जिल्हा हा महसुली कारभाराचा घटक. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाचे रोखे वाटून घ्यायचा प्रश्नच नव्हता; तसे रोखे नसतातच. तेव्हा ‘काउंटी’च ठेवा.