आवडता म्युझिक प्लेयर बंद पडल्यावर

प्रश्न : माझा जुना आयपॉड क्लासिक सुरू होत नाही, आतून नुसता टकटक आवाज येतो. त्याऐवजी काय घ्यावे?

उत्तर : असा आवाज हे बहुधा आतली छोटी हार्ड डिस्क निकामी होत असल्याचे लक्षण असते, बाकीचे यंत्र शाबूत असल्यास तिच्या जागी अडॅप्टरसह मेमरी कार्ड आणि सोबत नवी बॅटरी बसवून जाणकार कारागीर ते पुन्हा चालू करू शकतो. २०२२ मध्ये आयपॉडची विक्रीच थांबवण्यात आल्यामुळे मी आधी दुरुस्तीचाच आग्रह धरेन. नवा प्लेयर घ्यायचाच झाला, तर मायक्रोएसडी कार्डाची सोय आणि खरी बटणे असलेला घ्यावा, कारण खिशातल्या खिशात, न पाहता गाणे बदलण्याचे सुख टचस्क्रीन देत नाही. गाण्यांची प्रत संगणकावर आहे ना, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.