चर्चेच्या साइट्स सुरुवातीला छान असतात, मग पैसे कमवायला लागल्या की वापरायला नको होतात, असं का? आणि त्यांची वर्गणी भरावी का?

तुम्ही विचारलंय की प्रश्नोत्तरांच्या आणि चर्चेच्या साइट्स वापरणाऱ्यांची सोय आणि स्वतःची कमाई यांचा मेळ कसा घालतात, आणि आता त्या दर महिन्याला वर्गणी मागायला लागल्यात तर ती द्यावी का. वर्गणीचं शेवटी सांगतो, कारण आधीचं नीट कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. मी बरीच वर्षं मराठी संस्थळांवर लिहितोय, त्यातल्या एकावर (नाव देत नाही) काही काळ संपादक मंडळातही होतो आणि पोटापाण्यासाठी वेबसाइट्सचंच काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

मुळात अशा कुठल्याही साइटवर तीन प्रकारची माणसं असतात. एक लिहिणारे, म्हणजे धागे (चर्चेचे विषय) काढणारे, मोठमोठी उत्तरं देणारे, हे फार थोडे. दुसरे सांभाळणारे, म्हणजे मॉडरेटर, संपादक, भांडणं सोडवणारे, स्पॅम उडवणारे, हे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि तिसरे वाचनमात्र, बहुतेक गूगलवरून आलेले, खातंसुद्धा नसलेले, एक पान वाचून निघून जाणारे. आता गंमत अशी की माल पहिले दोघं तयार करतात तोही फुकट, आणि जाहिरातीचा पैसा येतो तो प्रामुख्याने तिसऱ्याकडून, कारण संख्या त्याची मोठी. त्यामुळे कंपनीला कमाई वाढवायची झाली की ती वाचनमात्र माणसाकडे बघून निर्णय घेते आणि त्याचा त्रास होतो लिहिणाऱ्याला आणि सांभाळणाऱ्याला, आणि हे नुकसान लगेच दिसत नाही हीच खरी गोम आहे. चांगला लिहिणारा कंटाळून निघून गेला तरी त्याची जुनी उत्तरं गूगलवर वरच येत राहतात, आकडे चढेच दिसतात, मीटिंगमध्ये सगळे खूश, आणि दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं की नवीन वाचण्यासारखं काहीच येत नाहीये.

त्यामुळे जाहिराती आल्या म्हणून साइट बिघडली असं मी तरी म्हणत नाही. आपले दिवाळी अंक बघा ना, जाहिरातींवरच निघतात, कथेच्या मध्ये बँकेची नाहीतर मसाल्याची पानभर जाहिरात असते, पान उलटलं की संपली, आपण कधी तक्रार करत नाही. बिघडतं कधी, तर कमाईसाठी मजकुरातच हात घातला जातो तेव्हा. म्हणजे काय मांडायचं, काय लपवायचं, कोणाला काय विचारायला लावायचं, हे पैशावरून ठरायला लागतं तेव्हा.

याचं एक चांगलं उदाहरण आधी सांगतो कारण चांगली उदाहरणं कोणी सांगत नाही. त्याआधी काय होतं ते बघा, प्रोग्रॅमर लोकांना एक्स्पर्ट्स-एक्स्चेंज ही प्रश्नोत्तरांची साइट आठवत असेल. गूगलवर तुमचा प्रश्न तिथे सापडायचा, पान उघडलं की उत्तराच्या जागी पुसट केलेला मजकूर आणि पैसे भरा म्हणून पाटी, आणि खाली खाली खाली गेलात की पानाच्या तळाशी खरं उत्तर असायचं, कारण गूगलला ते दाखवणं भाग होतं. या प्रकाराला लोक इतके वैतागले होते की २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट काढली ते उघडपणे त्याला उत्तर म्हणूनच. सगळं खुलं, मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कोणीही वापरावा असा. आणि पैशाचं काय, तर नोकरी देणाऱ्या कंपन्यांकडून घेऊ, जाहिराती थोड्या ठेवू, आणि यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे तुमचे २०० गुण झाले की तुम्हाला जाहिराती कमी दिसतात. छोटीशी गोष्ट वाटते पण बघा त्यात काय आहे, जो येऊन वाचून जातो तो जाहिरात बघून किंमत चुकवतो, आणि जो चार उत्तरं लिहितो त्याने किंमत आधीच चुकवलेली आहे हे साइटने मान्य केलंय. इतकं साधं कोणाला सुचत नाही असं नाही, पण करत नाहीत.

आता रेडिटचं, कारण सगळ्यात जास्त वाजलेलं प्रकरण तेच आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. २००५ ला सुरू झालेली, विषयवार चर्चा चालणारी साइट, आणि २०२३ सालीही ८० कोटी ४० लाख डॉलर उत्पन्नावर ९ कोटी ८ लाख डॉलर तोटा. उत्पन्न जवळपास सगळं जाहिरातींचं. वर्षानुवर्षं लोक रेडिट वाचायला अपोलो, रेडिट इज फन, सिंक अशी बाहेरच्यांनी बनवलेली अ‍ॅप्स वापरायचे, ती रेडिटच्या स्वतःच्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी चांगली होती, पण त्यात रेडिटच्या जाहिराती दिसायच्या नाहीत. शिवाय एआय कंपन्या सगळा मजकूर फुकटात उचलून नेत होत्या. तर कंपनीने ठरवलं की आता डेटा मागण्याचे पैसे लागतील, दर हजार विनंत्यांना (अ‍ॅपने रेडिटकडे एकदा मजकूर मागितला की एक विनंती) २४ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतं पण अपोलोच्या महिन्याला ७०० कोटी विनंत्या व्हायच्या, म्हणजे वर्षाला २ कोटी डॉलर, आणि ते अ‍ॅप ख्रिश्चन सेलिग नावाचा एकटा माणूस चालवत होता. दर कळला मे महिन्याच्या शेवटी आणि लागू होणार १ जुलैपासून. त्याने ३० जूनला अ‍ॅप बंद केलं.

माझं मत विचाराल तर पैसे मागण्यात काहीच चूक नव्हतं, सर्व्हर कोणाच्या बापाचे फुकट चालत नाहीत. पण महिनाभराची मुदत? ज्या अ‍ॅपवाल्यांनी वर्षाची वर्गणी लोकांकडून आधीच घेऊन ठेवलीय त्यांनी करायचं काय? आणि मॉडरेटर लोक, जे एक पैसा न घेता काम करतात, त्यांच्यातले कितीतरी याच अ‍ॅप्सवरून ते काम करायचे. सगळ्यात वाईट वाटलं ते अंध लोकांच्या समूहाचं. स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वापरायला रेडिटचं स्वतःचं अ‍ॅप तेव्हा धड नव्हतंच, ते पूर्णपणे बाहेरच्या अ‍ॅप्सवर अवलंबून, आणि आरडाओरडा झाल्यावर मग कंपनीने अंधांसाठीच्या काही बिगरव्यावसायिक अ‍ॅप्सना सूट दिली. हे आधी कोणाच्या डोक्यात यायला हवं होतं की नाही?

१२ जून २०२३ ला हजारो सबरेडिट्स (रेडिटवरचे विषयवार विभाग) निषेध म्हणून दोन दिवस बंद राहिली. काहींनी नंतर आपला विभाग प्रौढांसाठी असा मार्क केला, कारण तशा पानांवर जाहिराती लागत नाहीत, म्हणजे बरोबर दुखऱ्या नसेवर बोट. कंपनीने तेही चालू दिलं नाही, विभाग उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे मॉडरेटर बसवू असं सांगितलं. पुढे मार्च २०२४ मध्ये ३४ डॉलरच्या भावाने शेअर बाजारात आले, त्याआधीच गूगलबरोबर डेटाचा करार झाला होता (बातम्यांत आकडा होता वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर), आणि कंपनीनेच कागदपत्रांत लिहिलं होतं की अशा करारांची एकूण किंमत २० कोटी ३० लाख डॉलर आहे. त्याच वर्षी तिसऱ्या तिमाहीत नफाही झाला. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने डाव जमला. लिहिणाऱ्यांना आणि मॉडरेटरना काय मिळालं, तर त्यांच्यातल्या काही जणांना सुरुवातीच्या भावाने शेअर विकत घ्यायची संधी. विकत घ्यायची.

मग लोक गेले का नाहीत सोडून? कारण जायला जागा नव्हती. डिग या रेडिटसारख्याच, लोकांच्या मतांवर दुवे वर चढवणाऱ्या साइटचं २०१० मध्ये नेमकं उलटं झालं होतं. त्यांनी ऑगस्टमध्ये नवीन रूप आणलं, त्यात बातम्यांच्या साइट्सना आपले दुवे आपोआप टाकता यायला लागले आणि नापसंतीचं बटण काढलं, थोडक्यात प्रकाशकांची सोय केली, आणि लोकांनी चिडून डिगच्या पहिल्या पानावर रेडिटचे दुवे मतं देऊन देऊन चढवले आणि मग तिकडेच राहायला गेले. २०१२ मध्ये डिगचं नाव, साइट वगैरे साधारण ५ लाख डॉलरला गेलं. तेव्हा शेजारी दुसरं दार उघडं होतं, आता नाही. म्हणून कंपन्यांना हल्ली ताणता येतं, माणसं खूश आहेत म्हणून नाही.

कोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटचं थोडक्यात. २०१८ मध्ये त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांना पैसे द्यायचा कार्यक्रम काढला. उत्तर देणाऱ्याला नाही, प्रश्न विचारणाऱ्याला! कारण प्रश्नाचं पान गूगलवर दिसतं आणि त्यावर जाहिरात लागते. मग काय व्हायचं ते झालं, एकच प्रश्न शब्द फिरवून फिरवून, उत्तर ज्याला हवंच नाही असा माणूस विचारतोय आणि समोर कोणीतरी डॉक्टर नाहीतर प्राध्यापक तासभर बसून मनापासून लिहितोय. त्याला कळलं की आपण पगारी प्रश्नाला उत्तर दिलं तर तो परत कशाला लिहील? मजकुरात हात घालणं म्हणतो ते हे.

हे मोठ्यांचंच असतं असं नाही. आम्ही संपादक मंडळात असताना मेल यायच्या, की तुमच्याकडचा मधुमेहावरचा एक जुना धागा आहे त्यात आमची एक लिंक टाका, पैसे देतो. जुनाच धागा का, तर गूगलवर तो वर यायचा. त्या धाग्यात लोकांनी आईचे शुगरचे रिपोर्ट, कुठल्या गोळीने काय झालं, डॉक्टर काय म्हणाले असं सगळं लिहिलेलं, वाद घातलेले, एकमेकांना पुढे भेटलेले. लिंक म्हणजे एक ओळ, वाचणाऱ्याला कळलीसुद्धा नसती. आणि सर्व्हरचं बिल तर दर महिन्याला यायचंच, तेव्हा चर्चा झाली नाही असं नाही. नाही म्हणालो, कारण ते लोक विकत मागत होते तो त्या धाग्यावरचा विश्वास होता आणि तो आमचा नव्हताच, त्या प्रतिसाद देणाऱ्यांचा होता. मग तीच मंडळी डुआयडी (खोट्या नावाचं दुसरं खातं) घेऊन यायची, काल उघडलेलं खातं, चार वर्षं जुना गुडघेदुखीचा धागा वर काढून एकच प्रतिसाद, अमुक तेल लावून माझ्या सासूबाईंना फरक पडला, खाली लिंक. रात्री झोपायच्या आधी ते उडवत बसायचं. या कामाची किंमत कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

आणि मराठीत तर जाहिरातींवर जगणं आणखी कठीण. भारतातल्या वाचकामागे मिळणारा जाहिरातीचा दर अमेरिकेतल्या वाचकाच्या मानाने फारच कमी, त्यात मराठी मजकुराला आणखी कमी. अ‍ॅडसेन्सने (साइट्सवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) हिंदीला मान्यता दिली तीच २०१४ च्या डिसेंबरात, मराठीला त्याच्याही नंतर. तरी मायबोली हे मराठी संस्थळ १९९६ पासून चालू आहे, नेटवर मराठी टाइप करणं हीच कसरत होती तेव्हापासून. मला वाटतं छोट्या साइटचा एक फायदा असतो, डोक्यावर दहापट परतावा मागणारा गुंतवणूकदार नसला तर खर्च निघाला तरी पुरतं, आणि खर्च निघण्यापुरतं कमवायला माणसांना छळावं लागत नाही. अमेरिकेतल्या मेटाफिल्टरचं तसंच, खातं उघडायला एकदाच ५ डॉलर, त्याने पैशापेक्षा जास्त फायदा म्हणजे टवाळखोर बाहेर राहतात. पण गूगलने शोधातल्या निकालांचा क्रम बदलल्यावर त्यांचं जाहिरातीचं उत्पन्न कोसळलं आणि २०१४ मध्ये पगारी मॉडरेटर कमी करावे लागले, त्यानंतर साइट तगली ती सदस्यांच्या वर्गणीवर.

स्टॅक ओव्हरफ्लोचंही पुढे फार चांगलं झालं नाही, २०२१ मध्ये १८० कोटी डॉलरला ती प्रोसस या गुंतवणूक कंपनीने घेतली, नंतर नोकऱ्यांचा विभाग बंद झाला, चॅटजीपीटी आल्यावर प्रश्नच आटले, आणि मे २०२४ मध्ये ओपनएआयशी (चॅटजीपीटीची कंपनी) करार जाहीर झाल्यावर काही जण निषेध म्हणून स्वतःची उत्तरं खोडायला लागले तर त्यांचीच खाती काही दिवसांसाठी निलंबित. परवान्याप्रमाणे साइटला ती उत्तरं ठेवायचा हक्क आहे हे खरं, पण लिहिताना ज्याने कोणा अडलेल्या माणसासाठी लिहिलं होतं त्याला काय वाटलं असेल. म्हणून एक करा, आपलं मोठं लिखाण आपल्याकडे वेगळं जपून ठेवा, कुठेही लिहीत असलात तरी.

आता वर्गणी. पैसे भरून जाहिराती जात असतील किंवा सांभाळणाऱ्यांना मानधन मिळत असेल तर मी भरतो आणि भरावेत असं म्हणेन, मराठी साइटने मागितले तर आधी भरतो. पण साध्या सदस्यांनी फुकट लिहिलेली उत्तरं भिंतीमागे टाकून ती बघायचे पैसे घेत असतील तर नाही. ओळखायचं कसं, तर लॉगआऊट व्हा, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगलवरून त्या साइटचं एखादं जुनं पान उघडा. उत्तर पूर्ण वाचता आलं तर खुशाल भरा, तुमच्या पैशावर अजून दहा जण वाचतील. दोन ओळींनंतर पुसट झालं आणि खाली अ‍ॅप घ्या म्हणून पाटी आली तर तुमचे पैसे ती पाटी लावायलाच जाणार आहेत.