टीनएजरवर लिहिताय? मग आधी उपदेश बाजूला ठेवा

अरे पहिला ड्राफ्ट वाचला तुझा, भाषा मस्त आहे पण तुझा पंधरा वर्षांचा हिरो चाळिशीतल्या माणसासारखा बोलतोय. त्या वयात कुणी ‘मला माझी ओळख सापडत नाहीये’ असं म्हणतं का, तो दार आपटतो, जेवायला येत नाही आणि आईने विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो, बस, तेवढंच लिही.

एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी 1967 ला आली तेव्हा लेखिका स्वतः टीनएजर होती, आणि निवेदक पोनीबॉय चौदाचा. म्हणून ते आतून लिहिल्यासारखं वाटतं, वरून बघून नाही. आपलं वय गेलं ते गेलं (माझं तर कधीच!), पण लाज आठवते ना? ग्रुपमध्ये सगळे हसले आणि आपल्याला जोक कळलाच नाही, तरी आपण हसलो, तसलं काहीतरी घे.

आणि हो, शेवटच्या चॅप्टरमध्ये ते सर येऊन सगळं समजावतात ना, ते काढच. चुकीचा निर्णय त्यालाच घेऊ दे, निस्तरू पण त्यालाच दे, अर्धवट निस्तरलं तरी चालेल. मैत्री तुटते तो सीन मात्र दोन ओळींत उरकलायस, तिथे थांब जरा, खरी गोष्ट तिथेच आहे.