बाहेरच्या बाकावरून उठा

प्रश्न : ताई, माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. अजून एकही शब्द नाही. हाक मारली तर वळून बघेलच असं नाही. कानांची तपासणी झाली, ऐकू नीट येतं. डॉक्टर म्हणाले, विकासात विलंब आहे, स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शक्यता वाटते, निदान पक्कं व्हायची वाट न बघता थेरपी सुरू करा. गेले पाच महिने आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचं सेशन असतं. थेरपिस्ट चांगल्या आहेत. त्यांच्याकडे तो साबणाच्या फुग्यांसाठी हात पुढे करतो म्हणे. घरी मात्र काहीच मागत नाही. मी तर त्याच्यावर मागायची वेळच येऊ देत नाही, सगळं आधीच हातात देते. सेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसून फोनवरची कामं उरकते. मला तिसरं सेशन वाढवायचंय, पण नवरा म्हणतो, आहे ते आधी नीट होऊ दे. त्याला गांभीर्यच नाही. संध्याकाळी आला की बुटाची नाडी मुलाच्या हातात देतो. मुलगा ओढतो, हा पाय मागे घेतो, मुलगा याच्या तोंडाकडे बघतो, की पुन्हा पाय पुढे. अर्धा अर्धा तास हेच. सोन्यासारखी वर्षं निघून चाललीत आणि हा खेळत बसलाय. त्याला कसं पटवू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या मुलाने कुणाकडे आपणहून बघितल्याचा उल्लेख त्यात एकाच ठिकाणी आहे. तोही तुम्ही नवऱ्याची तक्रार करता करता, घाईघाईत लिहून गेलात. ‘मुलगा याच्या तोंडाकडे बघतो.’ चारच शब्द आहेत. पुन्हा एकदा वाचा.

हाक मारल्यावर न वळणारं मूल नाडी सोडून नजर वर उचलतं आणि बाबाच्या चेहऱ्यावर आणून ठेवतं. कशासाठी? पाय थांबला म्हणून. तो पुढे यायचा असेल तर ते या माणसाच्या हातात आहे, हे त्याला कळलंय म्हणून. वस्तूवरून माणसाकडे आणि माणसाकडून परत वस्तूकडे अशी नजर फिरवणं बहुतेक बाळांना नऊ महिने ते वर्षभराच्या दरम्यान जमू लागतं. थेरपिस्ट ज्याला ‘जॉइंट अटेन्शन’ म्हणतात, त्याच कुळातली ही गोष्ट आहे. शब्द नंतर येतात, आणि येतात ते याच पायावर उभे राहून. तुमच्या थेरपिस्टबाई बाटलीतून फुगे उडवतात आणि मध्येच बाटलीचं झाकण लावून थांबतात, ते काय करत असतात असं तुम्हाला वाटतं? तुमचा नवरा बूट न काढता तेच करतोय. त्याला कुणी शिकवलेलं नाही. जमलंय, एवढं खरं.

आणि तुम्ही? ‘मागायची वेळच येऊ देत नाही.’ हे तुम्ही मायेने करता, यात मला शंका नाही. पण बाई, मग त्याने का मागावं? तहान लागायच्या आत पाणी हजर, बोट दाखवायच्या आत खेळणं हातात, रडायच्या आत दार उघडं. जगातल्या कुठल्याही माणसाकडे वळून बघायचं कारणच तुम्ही त्याच्यासाठी शिल्लक ठेवलेलं नाही. बाबा पाय मागे घेतो, तिथे त्याला कारण सापडतं. फुग्यांच्या बाटलीला झाकण असतं, तिथे सापडतं. घरी तो का मागत नाही, हे कोडं तुम्ही घातलंत आणि पुढच्याच वाक्यात सोडवूनही टाकलंत.

आता त्या बाकाबद्दल. मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

पाच महिने, आठवड्याला दोनदा, म्हणजे चाळीसेक सेशन झाली. तो फुग्यांसाठी हात पुढे करतो ‘म्हणे’. म्हणे! तुमच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे करून काही मागितलं, आणि ते तुम्ही बघितलेलं नाही. ऐकलंय फक्त. त्या क्षणी तुम्ही भिंतीच्या अलीकडे कुणाला तरी मेसेज टाकत होतात. हे लिहिताना मला राग येतोय आणि वाईटही वाटतंय. दोन्ही लपवत नाही.

एक हिशेब करा. हा मुलगा दिवसाला साधारण बारा तास जागा असेल, तर आठवड्याचे 84 तास झाले. त्यातले दीड तास थेरपिस्टचे. तिसरं सेशन घेतलंत तर सव्वादोन. उरलेले ऐंशीच्या वर तास तो तुमच्याजवळ असतो, आणि त्या तासांमध्ये काय करायचं हे तुम्हाला माहीत नाही, कारण ते जिथे दिसतं त्या खोलीबाहेर तुम्ही बसता. लहान मुलांचं एक आहे : खोलीत शिकलेली गोष्ट खोलीतच राहते. फुगे त्या बाईंकडे मागायचे असतात, एवढंच तो शिकलाय. तीच युक्ती मोज्याला, नळाला, दाराला लागू पडते हे त्याला घरात, रोज, तुमच्याकडून कळायला हवं. म्हणूनच अर्ली इंटरव्हेन्शनचं, म्हणजे लहान वयातच सुरू केलेल्या थेरपीचं, अर्धं काम मुलावर असतं आणि अर्धं आईबापांवर. पाऊण तासात थेरपिस्ट मुलाला जितकं शिकवते, त्याहून जास्त तिने तुम्हाला शिकवायला हवं.

ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2010 साली आले. दोन ते पाच वर्षांच्या आतली 152 मुलं होती. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला त्यातल्या निम्म्या मुलांच्या पालकांसोबत थेरपिस्टनी काम केलं. आई किंवा बाबा मुलाशी खेळत असताना चित्रीकरण करायचं, मग ते थेरपिस्ट आणि पालकांनी मिळून बघायचं : इथे त्याने वर बघितलं, तुमच्या लक्षात आलं का? इथे तुम्ही फार लवकर बोललात. इथे थांबलात, बघा काय झालं. आणि घरी रोज वीस-तीस मिनिटं तेच करायचं. थेरपी संपल्यावर जवळपास सहा वर्षांनी त्या मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा दुसऱ्या गटापेक्षा त्यांच्यातल्या लक्षणांची तीव्रता कमी होती. हे 2016 साली प्रसिद्ध झालं. भाषेच्या चाचण्यांत दोन गटांत मोठा फरक दिसला नव्हता, हेही सांगते, कारण नाडीचा खेळ खेळला की मूल बोलायला लागेल असं खोटं आश्वासन मला द्यायचं नाही. पण माणसाकडे वळणं, माणसाशी देवाणघेवाण करणं वाढू शकतं. आणि ते वाढवणारे हात पालकांचे होते.

‘पण मी काही तज्ज्ञ नाही’ असं तुम्ही म्हणाल. पत्रात लिहिलेलं नाही, तरी मला ते ऐकू येतंय. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1930च्या दशकात हॅरॉल्ड स्कील्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अनाथालयातली, वाढ खुंटलेली तेरा बाळं मतिमंद समजल्या जाणाऱ्यांच्या संस्थेत, तिथल्या स्त्रियांजवळ राहायला पाठवली. सगळी तीन वर्षांच्या आतली. त्या स्त्रियांनी ती बाळं कडेवर घेतली, त्यांच्याशी बोलल्या, खेळल्या, एकेकीने एकेक बाळ आपलं मानलं. 1939 साली स्कील्सने नोंदवलं की त्या तेरा मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 28 गुणांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या बारा मुलांचा सरासरी 26 गुणांनी घसरला. पुढे मोठेपणी तो पुन्हा त्या सगळ्यांच्या मागावर गेला, तेव्हा ती तेराही माणसं स्वतःच्या पायावर उभी होती. हे 1966 साली प्रसिद्ध झालं. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्या बाळांना माणूसच मिळत नव्हता, तुमच्या घरात माया भरपूर आहे. अभ्यासही लहान आणि जुना आहे. तरी मला त्या बायका विसरता येत नाहीत. ज्यांना जगाने कशाच्याच लायक धरलं नव्हतं, त्यांनी हे केलं.

तेव्हा तज्ज्ञ नसणं हे बाहेर बसायचं कारण नाही. खरं कारण दुसरं असावं. सुरुवातीला तो रडला असेल, तुम्हाला बिलगला असेल, आणि कुणीतरी म्हणालं असेल, ‘आई जरा बाहेर थांबा.’ ते ‘जरा’ पाच महिने लांबलं. आणि हळूहळू तुम्हाला ते बरंही वाटू लागलं असेल. आत बसलं की त्याला काय काय येत नाही ते डोळ्यांसमोर येतं. ठोकळा समोर धरलाय आणि तो बघतच नाही, हे शेजारी बसून पाहवत नाही. बाकावर ते दिसत नाही. ही वेदना मला समजते, माझ्या मनात तिच्याबद्दल कळवळाच आहे. पण ती सोसून आत बसणाऱ्या आईलाच पुढे फुग्यांसाठी आलेला हात दिसतो. तुमचा तोही चुकला.

नवऱ्याला पटवायचं म्हणता? त्याला पटवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्याच्याकडून तुम्ही शिका. आज संध्याकाळी तो आला की फोन उंबऱ्यापाशी धरा आणि नाडीच्या खेळाचं दोन मिनिटं चित्रीकरण करा. बोलू नका, ‘म्हण ना बाळा, म्हण’ असं तर अजिबात नको. मग मुलगा झोपल्यावर दोघं मिळून ते बघा. पाय मागे गेल्यापासून नजर वर येईपर्यंत किती वेळ लागतो, ते मोजा. तीन सेकंद असतील, सात असतील, क्वचित दहाही. नवरा तेवढा वेळ गप्प थांबतो. तुम्ही थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाच्या पायात मोजा घालताना तो अर्ध्या पावलावर आणून थांबा आणि तेवढे आकडे मनात मोजा. त्याने बघितलं, हात लावला, नुसतं ‘ऊं’ केलं, तरी लगेच मोजा वर ओढा. उशीर करून त्याला छळायचं नाही. बघितलं की मिळतं, हे त्याला कळू द्यायचं.

तिसऱ्या सेशनचं आत्ता मला विचारूच नका. ज्या दोन सेशनना तुम्ही हजर नाही, त्यात तिसऱ्याची भर कशाला? महिनाभर आत बसून झालं की थेरपिस्टला विचारा. तोवर तुम्हालाही त्यातलं कळायला लागलेलं असेल आणि नवऱ्याशी भांडायची वेळ येणार नाही. एक मात्र बजावून सांगते. ‘आम्ही पालकांना आत घेतच नाही’ असं त्या जागेचं धोरण निघालं, तर जागा बदला. मूल स्थिरावेपर्यंत चार दिवस बाहेर थांबणं वेगळं. कायम बंद राहणाऱ्या दाराआड अडीच-तीन वर्षांच्या मुलाची थेरपी कुणी करू नये.

तुम्ही निदानाचा शिक्का पडायची वाट न बघता पाच महिन्यांपूर्वीच सुरुवात केलीत. कित्येक घरांत याच वयाच्या मुलांबद्दल ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वर्ष जातं. तुम्ही ते जाऊ दिलं नाहीत, म्हणून तर मी एवढ्या हक्काने बोलतेय.

पुढच्या सेशनला दार लावून घेण्याआधी थेरपिस्टला सांगा, आज मी आत बसणार आहे. ते दोन मिनिटांचं चित्रीकरण त्यांना दाखवा. आणि त्याच्या बाबाचे नाडीचे बूट पिशवीत घालून न्या.