‘असामान्य’ नव्हे, ‘अपवाद’

एका वाचकाने मसुद्यासह प्रश्न पाठवला आहे: ‘नॉन-हर्मिशियन फोटॉनिक्सवरचा (प्रकाशतंत्राच्या एका शाखेवरचा) लेख मराठीत आणतो आहे. नॉन-हर्मिशियनला काय म्हणावं? एक्सेप्शनल पॉइंटला मी “असामान्य बिंदू” लिहिलं आहे, चालेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. ‘असामान्य’ म्हटलं की मराठीत कौतुक डोकावतं. असामान्य बुद्धी, असामान्य धैर्य. इथे कौतुक कोणाचंच नाही. जपानी गणितज्ञ तोसिओ कातो यांच्या १९६६च्या ग्रंथापासून रूढ झालेल्या ‘एक्सेप्शनल’ या शब्दात ‘नियमाला अपवाद’ एवढाच अर्थ आहे. एखादी राशी हळूहळू बदलत नेली तर व्यवस्थेचं वर्णन करणाऱ्या मॅट्रिक्सच्या, म्हणजे संख्यांच्या तक्त्याच्या, वेगवेगळ्या आयगेन मूल्यांची (प्रकाशाच्या बाबतीत, कंपनांच्या वारंवारतांची) संख्या सगळीकडे तेवढीच राहते, मोजक्या ठिकाणी मात्र घटते. ते अपवाद. म्हणून ‘अपवादबिंदू’.

‘संगमबिंदू’ हा शब्द मलाही मोहवत होता. कारण प्रकाशशास्त्रात ज्याला अपवादबिंदू म्हणतात तिथे दोन कंपनप्रकारांची (प्रकाशाच्या कंपनाच्या ठरावीक तऱ्हांची, इंग्रजीत मोड) नुसती मूल्यंच जुळत नाहीत, ते प्रकारच एकरूप होतात. पण संगमानंतर नदी पुन्हा दुभंगत नाही; इथे बिंदू ओलांडला की दोन वाटा परत फुटतात. उपमा म्हणून संगम ठीक, संज्ञा म्हणून नको.

आता नॉन-हर्मिशियन. हा शार्ल एर्मीत (१८२२–१९०१) या फ्रेंच गणितज्ञाच्या आडनावावरून आलेला शब्द. फ्रेंचमध्ये त्यातला ‘ह’ उच्चारत नाहीत, पण आपल्याकडे हर्मिशियन रुळलंय, ते मोडू नये. इंग्रजीत हर्मिट म्हणजे एकांतवासी साधू. गंमत अशी, की हर्मिशियन व्यवस्थाही तशीच असते: बाहेरच्या जगाशी ऊर्जेची आवक-जावक बंद. आवक-जावक सुरू झाली की ती नॉन-हर्मिशियन. उपसर्गाला ‘अमराठी’चा आधार आहे, त्यामुळे ‘अहर्मिशियन’ व्याकरणात बसतं. माझ्या कानाला ‘बिगर-हर्मिशियन’ बरं वाटतं. ‘बिगरशेती’ आपण रोजच म्हणतो. मात्र ‘ऊर्जा गमावणारी’ असा अर्थानुवाद करू नका. दोन शेजारी प्रकाशवाहिन्यांपैकी एकीत प्रकाशाची जेवढी भर, तेवढीच दुसरीत घट, अशी जोडी घ्या. ती बिगर-हर्मिशियनच, तरीही भर-घट दोघींमधल्या देवाणघेवाणीच्या मानाने कमी असेपर्यंत आयगेन मूल्यं वास्तव, म्हणजे काल्पनिक भाग नसलेल्या संख्या, राहतात. अशा शक्यतेकडे कार्ल बेंडर आणि स्टेफान बोएत्शर यांनी १९९८मध्ये लक्ष वेधलं होतं. भर-घट वाढवत नेली की एका क्षणी अपवादबिंदू येतो.

संवेदकवाल्यांना (सेन्सर बनवणाऱ्यांना) या बिंदूचं आकर्षण का, तर वर्गमुळामुळे. एरवी दहा हजारांत एक एवढा धक्का बसला तर वारंवारतेतली फूट, म्हणजे दोन कंपनप्रकारांच्या वारंवारतांमधलं अंतर, त्याच प्रमाणात पडते. अपवादबिंदूवर ती धक्क्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे शंभरात एकाच्या घरात जाते. २०१७मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने काचेच्या सूक्ष्म कंकणाकृती पोकळीत हे करून दाखवलं. त्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात तीन कंपनप्रकार एकत्र आणून घनमूळही गाठलं गेलं.

आणि इथेच तुमच्या मसुद्यातला तिसरा शब्द खटकतो, जो तुम्ही विचारलाच नाहीत. ‘अपवादबिंदूवर मापनाची अचूकता वाढते’ असं लिहिलंय. वाढतो तो प्रतिसाद. त्याच ठिकाणी गोंगाट, म्हणजे मापनातली अनियमित चढउतार, हीही फुगू शकते. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या गटाने २०२०मध्ये वलयाकार लेझरच्या घूर्णनमापकावर (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर) पाहिलं, तर प्रतिसादात जे कमावलं ते गोंगाटाने खाल्लं होतं. सगळ्याच रचनांना हे लागू आहे का, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. तेव्हा तिथे ‘अचूकता’ खोडून ‘प्रतिसाद’ करा.